हातचा

मर्सी नदी समुद्राला मिळते तिथे, टेकडीवर
आमचं ऑफिस होतं. खिडकीतून पाणी दिसायचं,
पण त्याच्याकडे बघायची आम्हाला गरज नसायची.
आम्ही पुढच्या वर्षाचं पाणी लिहीत असू:
रंगूनची भरती, लागोसची ओहोटी,
दिवसाला चार वेळा,
आणि कुठले कुठले कप्तान
आमच्या अक्षरावर विसंबून नांगर उचलत.

मी सोळाची. मिस एनिड हॅल्सॉल चाळिशीच्या.
पहिल्याच दिवशी त्यांनी पितळी यंत्र दाखवलं,
कपाटाएवढं, कप्प्याच कप्प्या,
आणि सगळ्यांवरून ओवलेली एकच तार.
"ही चंद्राची. ही सूर्याची.
ही, चंद्र मधूनच लांब जातो ना, त्याची."
हँडल फिरवलं की ज्याची त्याची चाल वेगळी,
आणि टोकाची लेखणी सगळ्यांचं ऐकून घेऊन
एकच रेघ काढायची.
मग ती वाचायची, आकडे मांडायचे, बेरीज, ताळा.
"हातचा विसरू नकोस," म्हणायच्या,
आणि स्वतःचा हातचा
डाव्या तर्जनीवर अंगठ्यानं दाबून धरायच्या,
सुटला तर उडून जाईल असा.

एकसष्टच्या हिवाळ्यात ट्रेव्हर ऍस्पिनॉल आला,
कोटाची कोपरं झिजलेली, खिशात स्क्रू.
तळघरातली कोळशाची खोली धुऊन काढली,
तिथे त्याचं यंत्र बसलं.
जानेवारीत आम्ही हात शेकायला खाली जायचो.
कागदाची पट्टी, पट्टीला भोकं,
आणि आमचं वर्षभराचं काम
किटलीतला चहा मुरेपर्यंत.

कुणाला काढलं नाही, हे खरं सांगायला हवं.
डोरीन रिमर टेलिफोन एक्स्चेंजला गेली,
मार्जरीनं लग्न केलं,
आणि रिकाम्या खुर्च्यांवर
पुन्हा कुणाला बसवलं नाही.

यंत्र खरं बोलतंय का, हे बघायला
ट्रेव्हरनं त्याच्याकडून जुनी दहा वर्षं करून घेतली.
एका संध्याकाळी तो जिना चढून वर आला,
हातात लांबलचक कागद, कानाच्या पाळ्या लाल.
"एकच," म्हणाला. "सगळ्यात मिळून एकच.
रंगून, एकोणीस नोव्हेंबर, बावन्न.
यंत्र म्हणतं चार-एकवीस.
छापलंय चार-बारा."
पानाखाली आद्याक्षरं: ए. हॅ.

मिस हॅल्सॉलनी चष्मा पुसला. पेन्सिल घेतली.
अर्धा तास आम्ही कुणी खोकलो नाही.
"एकवीस," त्या म्हणाल्या. "त्याचं बरोबर आहे."
आणि टाइपरायटरशी बसून
शुद्धिपत्र काढलं, नऊ वर्षं उशिरा,
तीन प्रतींत.
"आता ते कुणाला पाठवायचं?" ट्रेव्हरनं विचारलं.
"नियम आहे," त्या म्हणाल्या.

मी नको ते केलं. कामाची वही काढली.
ते पान त्यांनी लिहिलं होतं अकरा एप्रिलला,
एक्कावन्न साली. बुधवार.
मग रजेचं रजिस्टर:
ए. हॅल्सॉल, अर्धा दिवस, दुपारनंतर.
नामंजूर.
कारणाचा रकाना कोरा.

रंगूनच्या नदीत त्या पहाटे
नऊ मिनिटांनी कुणाचं काय अडलं, माहीत नाही.
बहुधा काहीच नाही.
पण त्या दुपारी इथे, या टेबलाशी
एकीनं दोन आणि एक उलटे लिहिले
आणि खाली सही केली.
त्या दुपारची नोंद एवढीच. तीही
तळघरातल्या दिव्यांनी शोधून काढली,
का, ते न विचारता.

मी भोकं पाडायला शिकले. पगार वाढला.
यंत्रालाही हातचा असतो, ट्रेव्हर म्हणायचा,
एका व्हॉल्व्हमधून पुढच्यात जातो,
विसरत नाही.
मिस हॅल्सॉल दर सोमवारी
पितळी कप्प्यांना तेल घालायच्या,
कुणी सांगितलं नव्हतं तरी.
जिना उतरताना मी मागून बघायचे:
उजवा हात कठड्यावर,
डाव्याचा अंगठा तर्जनीवर, घट्ट.